कारखान्याची चिठ्ठी की गुऱ्हाळाची काहील?

गणपती झाले की कर्नाटकातल्या निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ज्याच्या रानात दोन-चार एकर ऊस उभा आहे त्याच्या डोक्यात एकच घोळ सुरू होतो: कारखान्याला घालायचा की गुऱ्हाळावर न्यायचा? परवा भाच्याचा फोन आला. त्यानं वडिलांची जमीन यंदा पहिल्यांदाच अंगावर घेतलीय. "मामा, कारखान्याकडं उसाची नोंद करू का नको?" त्याला फोनवर सांगितलं ते, आणि रेंज गेल्यामुळं सांगायचं राहिलं ते, इथं लिहितोय. मी बारा वर्षं कारखान्याला ऊस घातला. गेले तीन हंगाम बराचसा गुऱ्हाळावर नेतोय. त्यामुळं माझं मत थोडं एका अंगाला कललेलं असणार, हे धरूनच वाचा.

पैशाचं आधी उरकतो, कारण लोक समजतात तितका फरक तिथं नाही. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं ठरवलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागं 3550 रुपये. त्यातनं तोडणी-वाहतूक कापून काय उरतं ते ज्यानं त्यानं आपल्या बिलावर बघावं. गुऱ्हाळावर मला टनाला साधारण 110 किलो गूळ पडतो. तोडकरी, गुऱ्हाळाचं भाडं, हमाली-तोलाई गेली की हातात येणारा पैसा कारखान्याच्या शे-दोनशे रुपये अलीकडं, नाहीतर पलीकडं. एका साली पुढं, एका साली मागं. तीन हंगामांवरनं सिद्धांत मांडायचा नसतो, पण माझी वही तरी असंच सांगते.

मग ठरलं कशावर? चिठ्ठीवर, म्हणजे ऊस कधी तोडायचा त्या कारखान्याच्या परवान्यावर.

चार हंगामांमागची गोष्ट. ऑगस्टात लावलेला माझा आडसाली ऊस सोळा महिने पुरे होऊन डिसेंबरात तोडीला आला. नोंद पक्की. चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या पोराला, विचारलं तर "अजून प्रोग्राम लागला न्हाई." गट ऑफिसात गेलो तर "तोडणीच्या टोळ्या कमी आल्यात." संक्रांत झाली. उसाला पांढरे तुरे आले. माझ्यामागनं लावलेलं शेजारचं रान तुटून गेलं, त्यातल्या वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्यासुद्धा विकून झाल्या. शेवटी एका सकाळी चहाच्या गाड्यावर चिटबॉयनं खिशातनं चिठ्ठ्यांचं बुक काढलं, बाकड्यावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसला. बोलला काहीच नाही. मी समजलो, पैसे दिले. वर टोळीला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री. तोड झाली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. एक कांडं मोडून बघितलं तर आत कापसासारखं भेंड. वजन नेमकं किती घटलं ते सांगता येणार नाही, पण ज्या रानातनं चार खेपा निघायच्या तिथनं तीनच निघाल्या.

तेव्हा राग त्या पोरावर होता. पण नंतर विचार केला, त्याच्या जागी माझा भाचा असता तर त्यानं दुसरं काय केलं असतं? एफआरपी निघते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. राखून वाढवलेल्या उसाला तोच दर, पाण्यात पडलेल्या उसाला तोच. डिसेंबरातल्या भरलेल्या उसाला तोच आणि मार्चमधल्या वाळक्या उसालाही तोच. मग आपला ऊस आधी जावा असं सगळ्यांनाच वाटणार. दर हलायचाच नाही म्हटल्यावर कुणाचा आधी आणि कुणाचा मागनं हे ठरवायला चिठ्ठी आली, आणि चिठ्ठी आली की चिठ्ठीचा मालक आला. खुशाली म्हणजे दुसरं काय असतं? सरकारनं पुढच्या दारानं घालवलेला दरच तो, मागच्या दारानं येऊन चहाच्या गाड्यावर बसलेला.

आम्हा सीमेवरच्या लोकांना हे जरा जास्तच कळतं, कारण आमच्या उसाला कारभारी तीन. दर दिल्ली ठरवते, धुराडं कधी पेटवायचं ते बंगळूर, आणि दूधगंगेपलीकडचे महाराष्ट्रातले कारखाने दर बरा देतात म्हणून तिकडं घालावा तर तिथं मुंबई. 2023 च्या सप्टेंबरात मुंबईनं फर्मान काढलं, महाराष्ट्रातला ऊस परराज्यात न्यायचा नाही. आठवड्याभरात मागं घेतलं, पण त्या आठवड्यात पलीकडचे पाहुणे आम्हाला फोन करून ऊस कुठनं न्यायचा ते विचारत होते. त्याच सालच्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि नंतर ती सैल केली. साखरेची किमान विक्री किंमत 2019 साली किलोला 31 रुपये केली ती पुढं कित्येक वर्षं तिथंच, एफआरपी मात्र वाढत गेली. कारखान्याला कच्च्या मालाचा दर सरकारचा आणि पक्क्या मालाच्या दरातही हात सरकारचाच. मग बिल थकलं की कारखानदार दिल्लीकडं बोट दाखवतो, आणि ते अगदीच खोटं नसतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज असं लिहिलंय. मी एकदा व्याज मागितलं होतं. क्लार्कनं मला पाणी दिलं.

2025 च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला ऊसदरासाठी लोक बसले. शेवटी तोडणी-वाहतूक सोडून 11.25 टक्के उताऱ्याला 3300 ठरले, त्यातले 50 कारखान्यांनी वाढवायचे आणि 50 राज्य सरकारनं घालायचे. मीही एक दिवस जाऊन बसलो होतो, त्यामुळं आंदोलनाला नावं ठेवत नाही. पण ते सरकारचे 50 रुपये येताना मला ओळखीचे वाटले. डिझेल भरताना माझ्याच खिशातनं गेले होते.

याच निपाणीत 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तंबाखूवाल्यांना घेऊन महामार्ग अडवला होता. एप्रिलात गोळीबार झाला, शेतकरी मेले. आमच्या वडिलांचा तेव्हा तंबाखूच होता. "सूट सबसिडीचे नाही काम, आम्हाला हवे घामाचे दाम" ही घोषणा ते म्हातारपणीही म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी युरियासाठी सोसायटीच्या रांगेत उभे राहायचे. जोशींचं मागणं मुळात साधं होतं: सरकारनं मधनं बाजूला व्हावं. आपण त्यातलं "दाम" तेवढं उचललं आणि बाजूला होण्याचं सोडून दिलं.

आता गुऱ्हाळ. तिथं चिठ्ठी नाही. मालकाला फोन करायचा, काहील कधी मोकळी आहे ते विचारायचं, आदल्या दिवशी ऊस तोडायचा. रस उकळायला लागला की भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढत राहायचं. गूळ करणारा गुळव्या शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या माणसाला उतारा समोर दिसतो. माझ्या 86032 जातीच्या उसाचा गूळ पिवळाधमक आणि कणीदार पडला तेव्हा सौद्यात शेजारच्या थप्पीपेक्षा जास्त बोली लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा ऊस चांगला आहे म्हणून मला जास्त पैसे मिळाले.

तक्रारी आहेत, आणि बारीक नाहीत. चोपण, खारवट रानातला ऊस असेल तर गुऱ्हाळाच्या नादाला लागू नका, गुळात खारटपणा उतरतो. मजूर मिळत नाहीत, गुऱ्हाळं दरवर्षी कमी होतायत. आवक वाढली की सौदा एका आठवड्यात असा पडतो की त्या दिवशी एफआरपीची आठवण येते. गिऱ्हाइकाला पिवळा रंग पाहिजे म्हणून काहीजण हायड्रोसची पावडर मारतात, काहीजण साखर मिसळतात. बाजार काही संत नाही. शिवाय कोल्हापुरात आमचा गूळ "कर्नाटकी" म्हणून थोडा खाली धरतात. ते खटकतं, पण शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हा व्यापाऱ्यांना जागा दिली आणि दर त्यांच्यावर सोडला, असल्या सरकारशी माझं भांडण नाही.

आणि मी फार ताठ बोलतोय असं वाटत असेल तर सांगून टाकतो. मोटारीची वीज मीही फुकटच घेतो, म्हणूनच रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर असतो. घरात राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 येतात. त्यावर मी तोंड उघडलं तर जेवण मिळायचं नाही.

तर भाच्या, पैशाची अगदी निकड असेल, रान चोपण असेल किंवा सौद्याचे चढ-उतार झोपू देत नसतील तर नोंद कर, मी नाही म्हणणार नाही. रान निचऱ्याचं असेल आणि गुऱ्हाळ पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल तर निदान अर्धा ऊस तिकडं घालून बघ. मी यंदा अडीच एकर गुऱ्हाळाला ठेवलाय. अर्ध्या एकराची नोंद कारखान्याकडं अजून आहे, कारण सभासदाची सवलतीची साखर दिवाळीला येते आणि तुझी मामी ती सोडायला तयार नाही.