डिटॉक्स फूट पॅड वापरून बघितले, घेऊ नका

रात्री झोपताना तळपायाला चिकटवायचे ते डिटॉक्स पॅड आईसाठी मागवले होते. म्हणजे जाहिरात बघून हट्ट तिने धरला पण ऑर्डर मीच केली. तिचे पाय संध्याकाळी सुजायचे, आणि पाकिटावर लिहिलेलं की सूज, थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी, झोप न लागणं हे सगळं अंगात साचलेल्या टॉक्सिनमुळे होतं आणि पॅड ते रातोरात ओढून काढतो. एवढे वेगवेगळे त्रास एकाच वस्तूने जातात म्हटल्यावर तिथेच थांबायला हवं होतं, नाही थांबले.

पहिल्या सकाळी पॅड काढला तर काळपट तपकिरी, चिकट, धुरासारखा वास. आईला इतकं बरं वाटलं, म्हणाली बघ अंगात किती घाण होती. आणि ते बघून कोणालाही पटेल, कारण पुरावा समोर हातातच असतो. सोबत एक चार्टपण आलेला, कुठला रंग म्हणजे कुठल्या अवयवातली घाण वगैरे.

मला शंका आली ती रंग रोज सेम यायला लागला म्हणून. कंपनी सांगते शरीर साफ होत गेलं की पॅड फिकट होत जातात, इथे दहाव्या दिवशीपण तोच रंग. मग एक कोरा पॅड घेतला, पातेल्यात पाणी उकळत ठेवून वाफेवर धरला, तर थोड्या वेळात तोच तपकिरी रंग आणि तोच वास. दुसऱ्या पॅडवर नुसतं पाणी शिंपडून ठेवलं, तोही सकाळपर्यंत तसाच. त्या दोन्ही पॅडला कोणाचाही पाय लागलेला नव्हता!

घटक वाचले तर पहिलंच नाव वुड व्हिनेगर. लाकडाचा कोळसा करताना जो धूर निघतो तो थंड करून जे आंबट पाणी मिळतं ते, इथे त्याची पावडर वापरलीय. ओल लागली की ती गडद होते. आणि तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, त्यावर रात्रभर चिकटपट्टी लावून पाय बंद ठेवला की ओल येणारच.

घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी आणि थोडं मीठ. अंगातला कचरा बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं, त्यापुढे एका पॅडने काय ओढून काढायचं? पाकिटावर टॉक्सिन शब्द जागोजागी आहे पण कुठलं, किती, कसं मोजलं याची एक ओळ नाही. मागे अगदी बारीक अक्षरात मात्र लिहिलंय की हे उत्पादन कुठल्याही आजाराच्या उपचारासाठी नाही.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली असेच पॅड विकणाऱ्यांवर खोट्या दाव्यांबद्दल केस केली होती आणि २०१० मध्ये त्यांना असल्या वस्तू विकायला बंदी आली, तरी तेच दावे अजून चालू आहेत.

खरा राग मला कस्टमर केअरचा आहे. सूज कमी होत नाही म्हणून फोन केला तर म्हणाले त्रास वाढला तरी घाबरू नका, टॉक्सिन बाहेर पडताना असं होतं, अजून दोन पाकिटं पूर्ण करा. पायाची सूज हार्ट किंवा किडनीच्या दुखण्याचीपण खूण असू शकते, आणि अशा माणसाला तुम्ही महिनाभर थांबायला सांगताय? आई तर डॉक्टरकडे जायला तयारच नव्हती, पॅड काळा होतोय म्हणजे गुण येतोय असंच तिला वाटत होतं.

शेवटी जबरदस्तीने नेलं. डॉक्टरांनी तिच्या चालू गोळ्या बघितल्या, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन होती, तिने काही लोकांचे घोटे सुजतात म्हणाले. बाकी तपासण्या करून घेतल्या, त्या नीट आल्या, मग त्यांनी गोळी बदलून दिली (स्वतःच्या मनाने बीपीची गोळी कोणी बंद करू नका प्लीज) आणि हळूहळू सूज उतरली.

काही पॅड उरलेत, ते फेकले नाहीत. मावशीपण मागवणार म्हणतेय, ती घरी आली की आधी तिच्यासमोर एक वाफेवर धरून दाखवणार आहे.