दहा रुपयांचं वाय-फाय

मे महिन्यातली गोष्ट. गाडी दोन तास लेट, मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपलेला आणि लेकीचा कॉलेजचा फॉर्म रात्री बाराच्या आत भरायचा. स्टेशनचं नाव लिहीत नाही, त्यांची यात काही चूक नव्हती.

वाय-फायची यादी उघडली तर स्टेशनच्या नावाची दोन वाय-फाय दिसली. एकाच्या पुढे 'फास्ट' जोडलेलं, रेंजही फुल. मी अर्थातच त्यावर बोट ठेवलं. पान उघडलं, रेल्वेच्या इंजिनाचं चित्र, मोबाइल नंबर मागितला, दिला. लगेच पुढचं पान: 'मोफत वेळ संपला, दहा रुपयांत दिवसभर इंटरनेट'. मला काहीच खटकलं नाही, कारण स्टेशनवरच्या खऱ्या वाय-फायलाही तसंच असतं. पहिली 30 मिनिटं फुकट, पुढे 10 रुपयांपासून प्लॅन. माझी तीस मिनिटं तर सुरूसुद्धा झाली नव्हती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

डेबिट कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडेही टाकले. वरून मेसेजची पट्टी सरकली, त्यातले ओटीपीचे सहा आकडे तेवढे पाहिले आणि भरले. त्याच मेसेजमध्ये, त्याच ओळीत, रक्कम लिहिली होती: 18,499 रुपये. एकोणीस वर्षं मी हिशेबाच्या टेबलावर बसते. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर शून्य जास्त पडलं तर मला दुरून दिसतं.

स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. इंटरनेट काही सुरू झालं नाही. पैसे गेल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ दुसरा ओटीपी, 24,000 चा. तो मात्र नीट वाचला! शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "काकू, आधी बँकेला फोन करा, कार्ड बंद करा, मग 1930 लावा." त्याच क्रमानं केलं. 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे तोवर ऑनलाइन गिफ्ट कार्डांत गेले होते. बँकेनं सांगितलं, ओटीपी तुम्हीच दिलात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमातही ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकाच्याच माथी येतं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ते फोन आधी. रडारड नंतर.

त्या पानावर कुलपाची खूण होती का, असं सगळे विचारतात. होती. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच. पलीकडे बसलेला चोर की साव, ते कुलूप सांगत नाही.

घरी आल्यावर भाच्यानं एक प्रयोग दाखवला. त्यानं आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या उघड्या वाय-फायचं नाव दिलं, पासवर्ड काढून टाकला. मिनिटभराचं काम. माझ्या फोनात ते नाव आधीपासून साठवलेलं होतं आणि तो टेबलावर नुसता पडला होता. मी हातही लावला नाही आणि तो आपणहून त्याला जाऊन चिकटला. "मावशी, फोनला नावच कळतं, माणूस कळत नाही," म्हणाला. आता आपोआप जोडलं जायचा पर्याय बंद आहे. बाहेर असले आणि नेट हवं असलं की लेकीचा हॉटस्पॉट घेते, नाहीतर रिचार्ज मारते. उघड्या वाय-फायवर बातम्या वाचते, पण पैशाला हात लावत नाही. लेक आता प्रत्येक ओटीपी आला की विचारते, "आई, रक्कम वाच मोठ्यानं."

परवा फोनमधली साठवलेल्या वाय-फायची यादी काढली. तेवीस नावं निघाली. महाबळेश्वरचं एक हॉटेल, एक डेंटिस्ट, कुणाच्या तरी लग्नाचं कार्यालय. आणि मधेच ते 'फास्ट'. सगळी पुसून टाकली, ते सर्वांत आधी.