निळा दिवा विझेना: १,३१,००० किलोमीटर धावलेल्या गाडीसोबत अकरा महिने

गाडी घेतली तेव्हा मीटरवर १,३१,४०० होते. आज १,४४,००० झालेत. २०१२ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, मी तिसरी मालकीण, किंमत १ लाख ३५ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येईल ते एका कंपनीचं दुखणं नाही. एवढी धावलेली आणि चार-पाच गॅरेजांतून फिरलेली कुठलीही छोटी गाडी घ्या, यातलं निम्मं तिच्यात सापडेल.

मी कोल्हापुरात राहते. रोजची नोकरी जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर. आईवडील साखरप्याजवळच्या गावात, म्हणजे मलकापूर सोडलं की आंबा घाट उतरून खाली. आईचे गुडघे गेल्यापासून एसटीच्या पायऱ्या तिला जमेनात. दर पंधरा दिवसांनी तिला डॉक्टरांकडे आणायचं-सोडायचं, एवढ्यासाठीच गाडी हवी होती. नवीन परवडणार नव्हती. त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी हौसेची नाही. ती घाटात बंद पडून चालणारच नाही.

बघायला गेले तेव्हा पेडलचं रबर, सीट, स्टिअरिंगची झीज मीटरशी जुळत होती. सर्व्हिसची नोंदवही ८४,००० पर्यंत नीट, पुढे कोरी. टायरवर २३१७ असा आकडा होता, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी बरी दिसत असली तरी रबर कडक झालेलं, म्हणून चार टायरचे पैसे मनातल्या मनात किमतीत धरूनच बोलणी केली. एक गोष्ट मात्र राहिली: मालकानं मी पोचायच्या आधी गाडी सुरू करून ठेवली होती. जुनी गाडी बघायची तर सकाळी, थंड इंजिनावर, आपल्या हातानं चावी फिरवून बघा. तसं केलं असतं तर पुढचे चार महिने वाचले असते.

पहिल्या महिन्यात माझ्या वहीत या तक्रारी होत्या: ॲव्हरेज १३.८, पुढून खडखड, डाव्या बाजूला पायाखाली पाणी, ड्रायव्हरची काच वर जाताना रडते, हेडलाइट पिवळे, पावसात समोरच्या काचेवर धुकं धरतं आणि हीटर लावला तरी कोमट हवा येते. शिवाय डॅशबोर्डवरचा निळा दिवा. या गाडीला तापमानाची सुई नाही. इंजिन थंड असलं की निळा दिवा लागतो आणि गरम झालं की विझतो. माझा दिवा आठ-नऊ किलोमीटर विझायचा नाही. आंबा घाट गिअरवर उतरताना तर विझलेला दिवा पुन्हा लागायचा. मी समजत होते, जुनी गाडी, तापायला वेळ घेते.

ऑगस्टमध्ये बॅटरी बसली. पावसात, रात्री, वायपर आणि लाइट चालू असताना आधी लाइट मंदावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता टक-टक आवाज. लगेच नवीन बॅटरी घातली, ३,९०० रुपये. तीन आठवड्यांनी नवी बॅटरीही तशीच ओढायला लागली. तेव्हा कळलं की मी दुखणं न शोधता वस्तू बदलली होती. या अकरा महिन्यांत हा एकच खर्च मला अजून सलतो.

मग साडेतीनशेचा मल्टिमीटर घेतला आणि सातशेचा ब्लूटूथ स्कॅनर, जो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकानं या दोन वस्तू घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. निरोगी बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. माझ्या गाडीत लाइट आणि वायपर लावून, गाडी जागेवर चालू ठेवून मोजलं तर १२.३. म्हणजे आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) भरतोय त्याहून जास्त वीज खर्च होतेय. कुठे होतेय, हे बॉनेट उघडल्यावर कानांनीच सांगितलं. चावी फिरवली की रेडिएटरचा पंखा सुरू, अगदी थंड इंजिनावर, एसी बंद असताना. कुणीतरी पंखा 'डायरेक्ट' केला होता. रिले, म्हणजे पंखा गरजेपुरता चालू-बंद करणारा स्विच, बाजूला काढून चावीवरच वायर जोडलेली.

त्यातच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडलेली. स्टार्टर फिरवताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर ०.९ व्होल्ट दिसले. चांगल्या जोडणीत हा आकडा ०.२ च्या वर जायला नको. पट्टी बदलून बैठक घासून घेतली, मजुरीसकट ३५० रुपये. आकडा ०.१ वर आला आणि गाडी अर्ध्या चावीला सुरू व्हायला लागली.

पण पंखा डायरेक्ट का केला असेल, हा प्रश्न सुटेना. गाडी तापत असल्याशिवाय असं कुणी करत नाही. आणि माझी तर तापतच नव्हती. स्कॅनर लावून महामार्गावर ऐंशीच्या वेगानं गेले, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ६१ अंश. चेक इंजिनचा दिवा नाही, कोड नाही, पण ६१. तिथे ८५ ते ९५ असायला हवं.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला सांगितलं. आत पोकळी. थर्मोस्टॅट नव्हताच.

"काढलाय कुणीतरी, ताई. काय बिघडत न्हाई. आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"

हा समज आपल्याकडे इतका पसरलाय की त्यावर थोडं सविस्तर लिहिते. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापतच नाही. बाहेर चाळीस अंश असोत, इंजिनाला लागतात नव्वद. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झालीय, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल आणि जळणातून होणाऱ्या वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही. माझं ॲव्हरेज, कोमट हीटर, काचेवरचं धुकं आणि निळा दिवा ही चारही दुखणी एकाच रिकाम्या जागेतून आली होती.

पाचवंही होतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर धरायचा. एका गॅरेजमध्ये तो बघून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेल्याचं सांगितलं आणि चौदा हजारांचा अंदाज दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर नीट तपासलं: डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, कूलंटची पातळी महिनाभर जिथल्या तिथे, थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली तर बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर नाही. म्हणजे तो थर थंड इंजिनात साचलेल्या ओलाव्याचा होता. हेड उघडायला होकार देण्याआधी एवढ्या चार गोष्टी बघाच.

आता मूळ. गाडी कधीकाळी तापली असणार, म्हणून आधी थर्मोस्टॅट काढला, मग पंखा डायरेक्ट केला. तापली कशानं? रेडिएटरमधून निघालं चहासारखं गंजलेलं नळाचं पाणी. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर फाटून चपटं झालेलं. हे झाकण साधं बूच नसतं. ते साधारण एक बार दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या बरंच वर गेल्याशिवाय उकळत नाही. दाब टिकला नाही की घाट चढताना पाणी लवकर उकळतं, बाहेर फेकलं जातं आणि गाडी तापते. माझ्या मते सगळ्याची सुरुवात या झाकणापासून झाली. २८० रुपयांची वस्तू न बदलता दोन चुकीचे उपाय केले गेले, आणि त्यांचे परिणाम पुढच्या मालकिणीच्या वाट्याला आले. मला याचा राग येतो, कारण ती गाडी घेऊन कुणीतरी घाटात जाणार असतं.

दुरुस्ती एका क्रमानं केली आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी रेडिएटर आणि इंजिन स्वच्छ पाण्यानं दोनतीनदा धुऊन गंज काढला, नवं झाकण, तयार कूलंट. तयार कूलंट म्हणजे त्यात पाणी मिसळायचं नाही. घट्ट मिळतं त्यात डिस्टिल्ड पाणी घालायचं, नळाचं कधीच नाही. मग थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग. त्यानंतर गावातल्या गावात चार दिवस स्कॅनरवर नजर ठेवून चालवली. पंखा शेवटी रिलेवर परत घेतला, कारण पाणी कुठे अडत असेल तर ते आधी कळायला हवं होतं. शेवटी जागेवर उभी ठेवून तापू दिली. ९६ ला पंखा लागला, ९१ ला बंद झाला. झाकण, कूलंट, थर्मोस्टॅट, मजुरी मिळून २,६३०; पंख्याचं वायरिंग ४५०. निळा दिवा आता दोन-अडीच किलोमीटरला विझतो. महामार्गावर तापमान ८६ ते ९०. लाइट-वायपर लावून १३.९ व्होल्ट.

ऑइल बदलल्यावर झाकणाखालचा पांढरा थरही पुन्हा आला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजायचं, हे मी ठरवून पाळलं. थर्मोस्टॅटनंतर ॲव्हरेज १३.८ चं १५.३ झालं. मग लक्षात आलं की लांबून आल्यावर मागचं डावं चाक हाताला उजव्यापेक्षा गरम लागतं. हँडब्रेकची केबल आतून गंजून परत जात नव्हती, ब्रेक किंचित धरलेलाच राहत होता, आणि त्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर पाझरायला लागला होता. दोन्हींचे १,९००. नंतर १६.१. चार प्लग बदलले, ६४०; फरक जेमतेम, पण जागेवरची थरथर गेली. प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं म्हणून टॅपेट कव्हरचं पॅकिंगही त्याच वेळी करून घेतलं.

खडखडीसाठी दोन्ही पुढचे शॉकअप बदलायला सांगितलं होतं. शॉकअप गेलेला असता तर त्यावर ऑइल पाझरलेलं दिसलं असतं आणि कोपरा दाबून सोडला तर गाडी दोनतीनदा डोलली असती. तसं काही नव्हतं. आवाज फक्त एकच चाक खड्ड्यात गेल्यावर यायचा. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून गेली तर नाही. ही खूण लिंक रॉडची, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या टोकांच्या छोट्या सळयांची. जोडी १,३०० ला बसवली आणि आवाज त्याच दिवशी थांबला.

पायाखालच्या पाण्याबद्दल कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी खास सांगते. एसी चालवल्यावरच येत असेल आणि स्वच्छ असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. एसी न लावता, पावसानंतर गढूळ पाणी येत असेल तर वायपरखालची जाळी बघा. माझी गाडी गावी फणसाखाली उभी असते. त्या जाळीखाली कुजलेल्या पानांचा चिखल साठून पाणी निघायची वाट बंद झाली होती. पानं काढायला अर्धा तास लागला. खरं काम कार्पेटखालचा नमदा वाळवण्याचं. तो वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो. सीट काढून तो पूर्ण बाहेर काढला आणि चार दिवस उन्हात टाकला. दाराच्या खालच्या कडेची भोकंही काडीनं मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजतं.

बाकीचं झटपट. काचेच्या रबराची खाच धुऊन सिलिकॉन स्प्रे मारला, काच न रडता वर जायला लागली. हेडलाइट ८०० पासून २००० पर्यंतच्या पाणीपेपरनं घासून पॉलिश केले. टूथपेस्टचा उजळपणा महिनाभरही टिकत नाही, आणि पॉलिशनंतर उन्हापासून वाचवणारा थर दिला नाही तर तेही पुन्हा पिवळे पडतात. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलला आणि इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या जातीचे घालून घेतले, ५०० रुपये. ज्यांना हे अनावश्यक वाटतं त्यांनी आपला जुना पाइप एकदा वाकवून बघावा. माझ्याला भेगा होत्या.

सगळे मिळून एकतीस हजारांच्या आसपास गेले. त्यातले १४,८०० टायरचे, २,६०० ऑइल-फिल्टरचे. ट्रान्सफर आणि विम्याचे वेगळे. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही होताच त्याच आठवड्यात विमाही आपल्या नावावर करून घ्या; चौदा दिवसांची मुदत असते, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही.

अजून राहिलेलं: छताचा रंग सोलतोय. थंड सकाळी दुसरा गिअर जरा अडतो. भर दुपारी सिग्नलला एसी कमी पडतो. क्रँकच्या सीलमधून ऑइल पाझरतंय, महिन्याला थेंबभर, त्याला क्लच उतरवताना हात लावणार. आरसी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईल, तेव्हा फिटनेस आणि नूतनीकरणाचा खर्च येईल. त्यासाठी दर महिन्याला हजार रुपये बाजूला टाकतेय.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन घाट चढले. तिला थंडी वाजत होती, हीटर लावला, गरम हवा आली. एक शंभर पानी वही आता कायम डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. कुठल्या किलोमीटरला काय बदललं, सगळं त्यात आहे. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्याबरोबर वहीही जाईल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: थर्मोस्टॅट बसवलेला आहे. काढू नये. गाडी तापली तर आधी रेडिएटरचं झाकण बघावं, इंजिन थंड झाल्यावर.