चिंक्वे तेर्रे की अमाल्फी: हातात एकच दिवस असेल तर

इटलीच्या सहलीचं रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ठरतं, एक दिवस मोकळा उरतो आणि घरात वाद सुरू होतो. समुद्रावर ओठंगून उभी असलेली ती रंगीत घरांची गावं बघायचीच, पण कुठली? उत्तरेला लिगुरियातली चिंक्वे तेर्रे, की नेपल्सच्या खालची अमाल्फी? दोन्ही किनारे युनेस्कोच्या यादीत १९९७ सालीच गेले, त्यामुळे तिथेही निकाल लागत नाही. मी उलटा प्रश्न विचारते: आदल्या रात्री झोपणार कुठे आहात?

फ्लॉरेन्स किंवा पिसात असाल तर चिंक्वे तेर्रे, फार विचार करू नका. फ्लॉरेन्सहून ला स्पेत्सियाला साधारण सव्वादोन-अडीच तास लागतात, बऱ्याचदा पिसाला गाडी बदलून. तिथून पाच गावांतलं पहिलं, रिओमाज्जोरे, दहा मिनिटांच्या आत. पुढे मानारोला, कोर्निल्या, व्हेर्नात्सा, मोंतेरोस्सो. लोकल गाडी पाचही गावांत थांबते आणि दोन गावांमधला प्रवास काही मिनिटांचाच, तोही बहुतेक बोगद्यातून. समुद्र दिसला म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. कोकण रेल्वेची सवय असलेल्यांना ओळखीचं वाटेल. रेल्वेसहित मिळणारं चिंक्वे तेर्रे कार्ड घेतलं की ला स्पेत्सिया ते लेवांतो (मोंतेरोस्सोपुढचं स्टेशन) दिवसभर हवं तितकं चढा-उतरा.

फक्त पाचही गावं ‘करायचा’ हट्ट सोडा. तीन पुरेत. कोर्निल्या समुद्रापासून शंभरेक मीटर उंचावर आहे. स्टेशनवरून गावात जायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या, नाहीतर छोटी बस. बोटही तिथे थांबत नाही. मी ते वगळते. सकाळी व्हेर्नात्साचं बंदर, दुपारी मोंतेरोस्सो (वाळूचा खरा किनारा इथेच, आणि सपाट रस्तेही, म्हणजे आई-बाबांच्या गुडघ्यांची सोय), संध्याकाळी मानारोला. चालायची हौस असेल तर मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा ही डोंगरवाट दोनेक तासांची. तिला शुल्क पडतं (वर सांगितलेल्या कार्डात ते धरलेलं असतं) आणि पावसात ती बंद ठेवतात. सूर्यास्ताचा मोह मात्र जपून: जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास बुडतो, त्यामुळे परतीची शेवटची गाडी आधी बघा.

अमाल्फीच्या किनाऱ्यावर रेल्वेच नाही. कड्यात कोरलेला एकच वळणावळणाचा रस्ता, त्यावर बस, मोटारी, स्कूटर सगळेच. एका ऑगस्टमध्ये सोरेंतोहून पोझितानोला जाताना मी अख्खा प्रवास बसमध्ये उभ्याने केला. समोरच्याच्या बॅगेखेरीज काही दिसलं नाही. ती चूक तुम्ही करू नका. रोमहून वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत सालेर्नो, नेपल्सहून तर पाऊण तासात. स्टेशनजवळच धक्का आहे, तिथून बोटीने अमाल्फी पस्तीस-चाळीस मिनिटं. तो किनारा पाण्यावरूनच बघण्यासारखा आहे. अडचण एवढीच की बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात आणि समुद्र खवळला की रद्द होतात.

बघायला काय, या बाबतीत अमाल्फी वरचढ. एकेकाळी व्हेनिस, पिसा, जेनोवाच्या पंक्तीतलं ते दर्यावर्दी प्रजासत्ताक होतं. बासष्ट पायऱ्या चढून गेल्यावरचं कॅथेड्रल तो थाट अजून दाखवतं. वर ३६५ मीटरवर राव्हेल्लो, जिथल्या व्हिला रुफोलोची बाग १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नेरला भुरळ घालून गेली. चिंक्वे तेर्रेत असं काही नाही. तिथे कोळ्यांची गावं आणि चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवरचे द्राक्षमळे. मला तेच आवडतं, पण ‘नुसतं फिरायचं?’ असं विचारणारा सोबत असेल तर अमाल्फी बरी.

शाकाहारी मंडळींना लिगुरियात चंगळ. ‘फोकाच्या’ नावाचा चपटा पाव, तुळशीच्याच जातभाईची चटणी म्हणजे पेस्तो (चीज आणि लसूण असते, आधी सांगा), आणि फारिनाता म्हणजे भट्टीत भाजलेलं हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडं. अँचोव्ही मासे कशातही डोकावतात, विचारून घ्या. अमाल्फीकडे पिझ्झा आणि लिंबाचं सगळं काही.

आकाश भरून आलेलं असेल तर चिंक्वे तेर्रेच. बोट राहिली तरी गाडी जाते. मात्र आदल्या दिवशी ‘शोपेरो’ म्हणजे संपाची बातमी तपासा. आणि रोममध्ये राहून एका दिवसात चिंक्वे तेर्रे उरकायचा बेत असेल, तर जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीतच जातील. त्यापेक्षा सालेर्नोचं तिकीट काढा.