स्वस्तातला एसडीआर घ्यावा का? घ्या, पण निम्मे पैसे अँटेनाला ठेवा

एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, यात डोंगल सिग्नल पकडतो आणि बाकीचं काम कंप्युटर करतो. पेनड्राइव्हएवढा तो रेडिओ डोंगल खरंच कामाचा आहे का असं मित्रमंडळी सारखी विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. माझ्याकडे आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही४ आहे. बाहेर तीस-चाळीस डॉलरला मिळतो, आपल्याकडे येईस्तोवर कस्टम नि दुकानदाराचं मार्जिन धरून बराच महाग पडतो, तरी घेण्यासारखा आहे. यातली आरटीएल२८३२यू चिप मुळात कंप्युटरवर डिजिटल टीव्ही बघायला बनवलेली, २०१२ च्या आसपास लोकांच्या लक्षात आलं की ती कच्चा सिग्नल तसाच कंप्युटरला देऊ शकते, आणि तिथून हा सगळा उद्योग सुरू झाला.

फक्त जाहिरातीतल्या त्या "५०० किलोहर्ट्झ ते १.७ गिगाहर्ट्झ" ला भुलू नका. ती झाली फिरायची रेंज. एका वेळी स्क्रीनवर दिसतो तो साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच तुकडा, म्हणजे ८८ ते १०८ चा आख्खा एफएम बँड एकदम बघायला मिळेल असं वाटत असेल तर विसरा. दुसरं म्हणजे आतला कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटचा, म्हणजे जोरदार आणि बारीक सिग्नल एकदम झेपत नाहीत. मुंबई-ठाण्यासारख्या ठिकाणी एफएमचे दणदणीत ट्रान्समीटर शेजारी असले की डोंगल गुदमरतो आणि नको तिथे भुताटकी स्टेशनं दिसायला लागतात. व्ही४ मध्ये आत थोडीफार गाळणी आहे पण ती पुरत नाही, वेगळा एफएम फिल्टर लावा आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कमी करा (सगळे नवशिके गेन फुल्ल ठेवतात, का कोण जाणे).

शॉर्टवेव्हसाठी जुन्या व्ही३ पेक्षा व्ही४ बरा, कारण यात अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्हचे सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीला नेणारा भाग) आहे, व्ही३ मध्ये १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचे सिग्नल खाली उलटे येऊन पडायचे. पण बिल्डिंगमध्ये शॉर्टवेव्ह ऐकणं हा वैतागच आहे हो, एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, लिफ्ट, सगळे मिळून घर्रघर्र करतात आणि तिथे महागडा रिसीव्हरही काही करू शकत नाही.

खरी मजा विमानांची. ती आपला ठावठिकाणा १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतात, त्याला ६.९ सेंटीमीटरची उभी तार पुरते, खिडकीत लावली की मुंबईला उतरणारी विमानं नकाशावर सरकताना दिसतात. हवामान उपग्रहांचं मात्र जुने यूट्यूब व्हिडिओ बघून ठरवू नका, अमेरिकेचे नोआ १५, १८ आणि १९ तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. आता १३७ मेगाहर्ट्झला रशियाचे मेटिओर आहेत, त्यांची चित्रं काढणारं सॅटडम्प सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि अँटेना म्हणजे साधारण ५३ सेंटीमीटरच्या दोन दांड्या व्ही आकारात, बास. उघडी गच्ची मात्र पाहिजे.

मग आरएसपी१बी हा महागातला एसडीआर घ्यावा का? १४ बिट, १० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा, आहे चांगला, पण आधी स्वस्तातल्याची भिंत कुठे लागते ते तरी कळू दे. फक्त शॉर्टवेव्हचं वेड असेल तर एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी हा एसडीआर घ्या. हॅकआरएफ हा आणखी एक एसडीआर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो म्हणून लोक भाळतात, तोही ८ बिटचाच आहे, आणि तो प्रक्षेपणही करतो तेव्हा हॅमचं (हौशी रेडिओवाल्यांचं) लायसन्स नसेल तर त्या भानगडीत पडूच नका.

आणि एक रुपयाही घालवायच्या आधी नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा त्यांचा रिसीव्हर) ब्राउजरमध्ये उघडून बघा, फुकट आहे. तासभर तिथे रमलात तर डोंगल मागवा, कंटाळलात तर पैसे वाचले. मागवताना नकली माल सांभाळा, तसलीच डबी आणि तसलंच नाव लावून बरेच फिरतायत, बनवणाऱ्यांनी साइटवर दिलेल्या विक्रेत्यांकडूनच घ्या. लिनक्सवाल्यांनी व्ही४ चा वेगळा ड्रायव्हर आधी टाकावा, नाहीतर जुन्या ड्रायव्हरवर काहीच धड ऐकू येत नाही आणि लोक उगाच डोंगल खराब म्हणून परत पाठवतात.