बीबीसी लर्निंग इंग्लिश : डोळ्यांनी शिकलेले इंग्रजी कानांनी शिकताना

सांगली जिल्ह्यात विट्याजवळच्या आमच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेली तीन वर्षे संध्याकाळी सात ते आठ या वेळात दहा-बारा मुलेमुली इंग्रजीच्या सरावासाठी जमतात. त्यांत आयटीआय झालेले आहेत, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या मुली आहेत, आणि पदविका हातात घेऊन चाकण किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत मुलाखती देऊन रिकाम्या हाताने परत आलेले तरुणही आहेत. सरावासाठी आम्ही जी ऑनलाइन साधने वापरून पाहिली, त्यांत बीबीसी लर्निंग इंग्लिश ही विनामूल्य सेवा सर्वांत जास्त काळ टिकली. ती का टिकली, कोणाच्या उपयोगाची आहे आणि कोठे तिला दुसऱ्या साधनाची जोड द्यावी लागते, हे नोकरीच्या शोधात असलेल्या मुलांपर्यंत आणि त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे आज मुलाखतीला जाणारी मुले दहा-बारा वर्षे हा विषय शिकून आलेली आहेत. त्यांना गाळलेल्या जागा भरता येतात, कर्तरी वाक्याचे कर्मणी करता येते, पाठ केलेला निबंध स्वच्छ अक्षरात लिहिता येतो. परंतु समोरच्या अधिकाऱ्याने नेहमीच्या वेगाने ‘व्हॉट डिड यू डू इन द वर्कशॉप?’ असे विचारले, की ‘डिड यू’चा बोलण्यात जो ‘डिजू’ होतो तो त्यांच्या कानाला ओळखू येत नाही. प्रश्नच कळला नाही म्हणून मुलगा गप्प बसतो, आणि अधिकारी ‘बोलता येत नाही’ असा शेरा मारतो. फिटरचा कोर्स केलेल्या एका मुलाने पहिल्याच आठवड्यात मला सांगितले होते, “काका, वाचलं तर सगळं कळतं, पण तो बोलायला लागला की सगळा एकच लांब शब्द वाटतो.” त्याचे हे निदान कोणत्याही चाचणीपेक्षा अचूक होते. आपल्या मुलांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकले आहे. कानांनी ते कधी शिकलेच नाही. म्हणून ऑनलाइन इंग्रजीची कोणतीही सेवा पाहताना ती कान तयार करते का, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

या कसोटीवर ही सेवा उतरते, याचे एक कारण तिच्या जन्मातच आहे. बीबीसीने इंग्रजी शिकवण्याचे काम १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, रेडिओवरून सुरू केले. ज्यांच्यासमोर फळा नाही, पुस्तक नाही आणि शिक्षकाचा चेहराही नाही, अशा श्रोत्याला केवळ आवाजातून भाषा शिकवण्याची ती शिस्त आजच्या संकेतस्थळावरील कार्यक्रमांतही जाणवते. निवेदक शब्द सावकाश उच्चारतो, तोच शब्द वाक्यात वापरतो, थोड्या वेळाने पुन्हा त्याकडे वळतो. आणि यातला बहुतेक भाग पडद्याकडे न पाहताही समजतो. शेतावरून परतताना किंवा एसटीत उभ्याने प्रवास करताना ऐकणाऱ्यांना याचे मोल अधिक आहे.

अगदी प्राथमिक पातळीवर असलेल्यांसाठी ‘एसेन्शियल इंग्लिश कॉन्व्हर्सेशन’ या मालिकेची मराठी आवृत्ती आहे. तीत आधी छोटे इंग्रजी संभाषण ऐकवतात, मग मराठी निवेदिका त्यातील एकेक वाक्य मराठीत उलगडून सांगते आणि उच्चारासाठी ते पुन्हा म्हणायला लावते. मराठी कानाला इंग्रजीची भीती वाटू नये, यासाठी मराठीचाच आधार द्यावा हा विचार मला मनापासून पटतो. इंग्रजी शिकताना मातृभाषेचा एकही शब्द उच्चारू नये असा दंडक घालणाऱ्या क्लासमधून भेदरून बाहेर पडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. या मालिकेत त्या दुसऱ्या दिवसापासून मोठ्याने बोलू लागल्या.

नोकरीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त मालिका मात्र ‘इंग्लिश अॅट वर्क’ ही आहे. ॲना नावाची एक तरुणी लंडनमधल्या, प्लास्टिकची नकली फळे विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीत मुलाखतीला जाते, तिला नोकरी लागते आणि पुढे तिच्या कचेरीतल्या एकेका प्रसंगातून भाषा उलगडत जाते : फोन घेणे, बैठकीत आपले मत मांडणे, चूक झाल्यावर क्षमा मागणे, ग्राहकाशी व्यवहार ठरवणे, सहकाऱ्याला नम्रपणे नकार देणे. गोष्ट सांगणारा निवेदक अधूनमधून ॲनाला सावध करतो आणि त्या प्रसंगात शोभणारे वाक्प्रयोग सुचवतो. आमच्या मुलांना या मालिकेने व्याकरणापेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे सौजन्याची भाषा. मराठीत ‘जरा ती फाईल द्या ना’ या वाक्यातला सगळा आर्जव ‘जरा’ आणि ‘ना’ या दोन छोट्या शब्दांत असतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर उरतो तो नुसता हुकूम. ‘कुड यू पॉसिबली’ किंवा ‘वुड यू माइंड’ या रचना पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेल्या होत्या. परंतु त्या नेमक्या कोणत्या क्षणी आणि कोणत्या सुरात वापरायच्या, हे कानावर पडल्याशिवाय कळत नाही. ‘मायसेल्फ अमुक अमुक’ अशी स्वतःची ओळख करून देण्याची आपल्याकडची पक्की सवयही याच मालिकेतल्या मुलाखती पुन्हा पुन्हा ऐकून सुटली. मी स्वतः ती दुरुस्त करण्यासाठी वर्षभर तोंडी सांगत होतो, त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता.

‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम यापुढच्या टप्प्याचा, मध्यम पातळीच्या श्रोत्यांसाठी आहे. दोन निवेदक एखाद्या विषयावर गप्पा मारतात. सुरुवातीला पर्यायांसह एक प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर शेवटी देतात आणि मधल्या बोलण्यात आलेल्या निवडक शब्दांची अखेरीस उजळणी करतात. प्रत्येक भागासोबत संभाषणाची लेखी प्रत उतरवून घेता येते, आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत त्या लेखी प्रतीत आहे. बहुतेक मुले ती प्रत आधी उघडतात आणि वाचत वाचत ऐकतात. म्हणजे पुन्हा डोळेच काम करतात आणि कान आळशी राहतो. आम्ही क्रम उलटा केला. पहिल्यांदा प्रत न पाहता ऐकायचे आणि जेवढे कळले तेवढे मराठीत सांगायचे. दुसऱ्यांदा ऐकताना न कळलेल्या जागा वहीत रिकाम्या सोडायच्या. त्यानंतरच प्रत उघडून त्या जागा भरायच्या आणि निवेदकाच्या पाठोपाठ त्याच वेगाने म्हणायचे. सहा मिनिटांच्या एका भागाला यात चाळीस मिनिटे लागतात. परंतु महिनाभरानंतर वहीतल्या रिकाम्या जागा कमी होताना मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतात, आणि त्यांना आलेला धीर पाहून मला जे समाधान वाटते ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

उच्चारांसाठी स्वतंत्र ध्वनिचित्रफिती आहेत. ओठ आणि जीभ यांची ठेवण दाखवून एकेक ध्वनी त्यांत शिकवला जातो, तसेच जोडून बोलताना शब्दांच्या कडा कशा झिजतात हेही सांगितले जाते. ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ गळतो, ‘हँडबॅग’चा जवळजवळ ‘हॅमबॅग’ होतो. मराठी भाषकांना यातले दोन धडे विशेष आवश्यक आहेत. इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांसाठी बोलताना आपण बहुधा एकच ‘व’ वापरतो, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ हे दोन वेगळे शब्द आपल्या तोंडी एक होतात. शिवाय आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो, तर इंग्रजीत एका अक्षरावर आघात येतो आणि बाकीची पुसट होतात. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द ‘कम्फ्टबल’ असा ऐकू येतो तो यामुळेच.

या सेवेला जोड कोठे लागते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ऐकवणे हे तिचे काम आहे. आपले बोलणे ऐकून चूक दाखवणारा माणूस त्यात नाही. तो आपल्याला आपल्यातूनच उभा करावा लागतो. आम्ही मुलांच्या जोड्या लावल्या आणि ऐकलेल्या भागाचा सारांश जोडीदाराला एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमधून इंग्रजीत पाठवायचा असा नियम केला. दुसरी गोष्ट अशी, की येथे ऐकू येणारे इंग्रजी प्रामुख्याने ब्रिटिश वळणाचे आहे. चाकणच्या कारखान्यात मात्र समोरचा व्यवस्थापक तमिळ, बंगाली, जर्मन किंवा कोरियन वळणाने बोलणारा असू शकतो. यासाठी आम्ही एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने जोडीला घेतली. तीही ऐकायला विनामूल्य आहेत, देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या बोलण्याची कानाला ओळख करून देतात आणि उत्पादन प्रक्रियेवरील व्याख्यान ऐकताना आयटीआयच्या मुलाचा विषयही पक्का होतो.

पैशांचा प्रश्न टाळता येणार नाही. आमच्यातल्या दोन मुलींनी येथे येण्यापूर्वी ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या एका ऑनलाइन वर्गात बारा-बारा हजार रुपये भरले होते. एकीच्या वडिलांनी त्यासाठी शेळ्या विकल्या होत्या. प्रत्यक्षात एका वेळी चाळीसहून अधिक जण, प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्यासाठी एखादे मिनिट, आणि महिन्याभराने पैसे परत मागितले तेव्हा फोनच उचलला गेला नाही. सशुल्क वर्ग सगळेच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. परंतु शुल्क भरण्याआधी एका तुकडीत किती विद्यार्थी आहेत, आपल्याला आठवड्यात किती मिनिटे प्रत्यक्ष बोलायला मिळेल, आणि शुल्क परत करण्याची अट लेखी देणार का, हे तीन प्रश्न पालकांनी विचारलेच पाहिजेत. ज्याचा कान अजून तयार झालेला नाही, त्याने अशा वर्गात जाण्याआधी तीन-चार महिने ही विनामूल्य सेवा नेटाने वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार कानाने गेलेल्या विद्यार्थ्याला तेच शुल्क दुप्पट फळ देते.

आणखी एक अडचण नव्या माणसाला येते, ती साहित्याच्या विपुलतेची. मालिका इतक्या आहेत की मुले रोज नवीन काहीतरी उघडतात आणि एकही पुरी करत नाहीत. म्हणून आम्ही वाचनालयाच्या फळ्यावर क्रम लिहून ठेवला आहे : पहिले दोन महिने ‘एसेन्शियल इंग्लिश कॉन्व्हर्सेशन’ मराठीतून, पुढचे तीन महिने ‘इंग्लिश अॅट वर्क’ सलग, त्यानंतर आठवड्याला दोन भाग ‘सिक्स मिनिट इंग्लिश’, आणि उच्चारांची एक चित्रफीत दर रविवारी. ‘सगळा एकच लांब शब्द वाटतो’ म्हणणारा तो मुलगा सध्या रांजणगावला एका कारखान्यात पाळी बदलताना द्यायचा अहवाल इंग्रजीत लिहितो आणि तोंडीही सांगतो. मागच्या सुट्टीत तो खोलीवर आला, तेव्हा नव्या मुलांच्या वह्यांमधल्या रिकाम्या जागा त्याने त्यांच्याशेजारी बसून तपासल्या.