झाकली मूठ, उघडलेली मूठ: अपराजितांमध्ये कोणाचं शून्य भारी?

अपराजित मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने तसाच अपराजित असलेल्या रॉकी मार्सियानोला विजयांच्या आकड्यात मागे टाकलं ते २६ ऑगस्ट २०१७ रोजी, लास व्हेगासमध्ये. ४९चे ५० झाले. समोर होता कॉनर मॅकग्रेगर. मिश्र मार्शल आर्ट्समधला नावाजलेला लढवय्या, पण व्यावसायिक बॉक्सिंगच्या रिंगणात त्या रात्री पहिल्यांदाच उतरलेला. दहाव्या फेरीत लढत थांबवली गेली आणि मेवेदरच्या खात्यात आणखी एक विजय जमा झाला. मार्सियानोची एकोणपन्नासावी आणि शेवटची लढत होती आर्ची मूरशी, म्हणजे लाइट हेवीवेट गटाच्या तेव्हाच्या जगज्जेत्याशी. मूरने त्याला दुसऱ्याच फेरीत खाली पाडलं होतं. मार्सियानो उठला आणि नवव्या फेरीत त्याने मूरला संपवलं.

कागदावर या दोन्ही विजयांची किंमत सारखीच, एक-एक. म्हणून ‘पन्नास मोठे की एकोणपन्नास’ या वादात मी पडत नाही. अपराजितांपैकी कोणाला वर ठेवायचं हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. पराभवांच्या रकान्यातलं ते शून्य मोडता मोडता कधी वाचलं आणि तेव्हा गड्याने काय केलं, ही पहिली. दुसरी, आपल्याला हरवू शकेल असा माणूस त्याने स्वतःहून समोर घेतला का, आणि घेतला तर कधी. ज्याला कधी धोकाच झाला नाही, त्याचं शून्य ही झाकली मूठ. सव्वा लाखाची असेलही, पण उघडल्याशिवाय कळणार कसं?

तुलनेसाठी सहा जण घेतलेत. सगळे जगज्जेते, सगळ्यांनी हरण्याआधीच हातमोजे उतरवले. जे अजून लढतायत त्यांना मुद्दाम वगळलंय, कारण न मोडलेलं शून्य आणि अजून न मोडलेलं शून्य यांत फरक आहे. लॅरी होम्सला विचारा. ४८-० वर होता, मार्सियानोला गाठायला एकच पायरी उरली होती, आणि २१ सप्टेंबर १९८५ रोजी मायकेल स्पिंक्सने त्याला गुणांवर हरवलं. मार्सियानोच्या मूरविरुद्धच्या लढतीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती.

| मुष्टियोद्धा | कारकीर्द | विजय-पराभव-बरोबरी | नॉकआउट | शून्य हललं ती लढत |
|---|---|---|---|---|
| रॉकी मार्सियानो | १९४७–५५ | ४९-०-० | ४३ | वॉलकॉट, १९५२ |
| रिकार्डो लोपेझ | १९८५–२००१ | ५१-०-१ | ३८ | अल्वारेझ, १९९८ |
| जो कॅलझागे | १९९३–२००८ | ४६-०-० | ३२ | हॉपकिन्स, २००८ |
| फ्लॉइड मेवेदर | १९९६–२०१७ | ५०-०-० | २७ | कास्तियो, २००२ |
| आंद्रे वॉर्ड | २००४–१७ | ३२-०-० | १६ | कोवालेव्ह, २०१६ |
| टेरेन्स क्रॉफर्ड | २००८–२५ | ४२-०-० | ३१ | (खाली बघू) |

या तक्त्यातले कारकीर्द आणि विजय हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. मार्सियानोच्या ४९ लढती साडेआठ वर्षांत झाल्या, मेवेदरच्या ५० लढतींना एकवीस वर्षं लागली. मार्सियानोच्या काळात एका वजनी गटाला साधारण एकच जगज्जेता असायचा आणि मूळ गट आठच होते. आज गट सतरा, आणि प्रत्येकात चार मोठ्या संघटनांचे चार पट्टे. त्यामुळे ‘पाच गटांत जगज्जेता’ हे बिरुद १९५२ साली मिळणं जवळपास अशक्य होतं. उलट आज नको असलेला प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षं टाळता येतो. तो त्याच्या पट्ट्याशी खेळतो, तुम्ही तुमच्या.

फेऱ्यांचा मुद्दा तर थेट निकालावर येतो. जगज्जेतेपदाची लढत पूर्वी पंधरा फेऱ्यांची असे. १९८२च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीशी लढताना जबर मार बसून दक्षिण कोरियाच्या किम डुक-कूचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर एकेक संघटना बारा फेऱ्यांवर आली. निर्णय योग्यच होता. पण आता मार्सियानोची ती रात्र आठवा. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया, समोर जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हूकने मार्सियानो कारकिर्दीत पहिल्यांदा खाली बसला. मधल्या फेऱ्यांत त्याला डोळ्यांनी नीट दिसेना. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता. आजचे नियम असते तर लढत तिथेच संपली असती आणि त्याच्या नावापुढचा ‘एक’ आपण आज वाचत असतो. तेराव्या फेरीत वॉलकॉट दोरांकडे सरकला, दोघांनी एकाच वेळी उजवा हात काढला, मार्सियानोचा आधी पोचला. आखूड, जेमतेम फूटभर अंतराचा ठोसा. वॉलकॉटचा एक हात दोरात अडकला आणि तो गुडघ्यांवर हळूहळू घसरत खाली गेला.

मार्सियानोविरुद्ध नेहमी बोललं जातं ते प्रतिस्पर्ध्यांच्या वयाबद्दल, आणि ते खोटं नाही. १९५१मध्ये त्याने हरवलेला जो लुईस ३७ वर्षांचा होता, वॉलकॉट ३८चा, मूरही चाळिशीच्या आसपास. पण एझर्ड चार्ल्स तेव्हा तिशीतच होता, आणि त्याच्याशी मार्सियानो १९५४मध्ये दोनदा लढला. पहिल्या वेळी पूर्ण पंधरा फेऱ्या. दुसऱ्या वेळी मार्सियानोचं नाक असं उभं फाटलं की लढत थांबणार असं दिसू लागलं, आणि आठव्या फेरीत त्याने चार्ल्सलाच आडवा केला. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, हातांचा पल्ला हेवीवेटच्या मानाने फारच तोकडा, वजन साधारण १८५ पौंड. आजच्या मोजमापात तो हेवीवेट ठरणारच नाही, क्रूझरवेटमध्ये बसेल. त्याला आजच्या सव्वादोनशे-अडीचशे पौंडांच्या गड्यांसमोर उभं करून ‘हरला असता’ म्हणणं सोपं आहे, पण त्यातून काही कळत नाही.

मेवेदरची गोष्ट उलटी. त्याला मारता येत नव्हतं, हीच त्याची कला. डावा खांदा पुढे, हनुवटी त्याच्या आड, ठोसा आला की खांद्यावरून घरंगळून जायचा आणि त्याच क्षणी उजवा हात परत यायचा. बघायला कंटाळवाणा असं म्हणणाऱ्यांनी २००१ची दिएगो कोरालेसविरुद्धची लढत बघावी. कोरालेस तेव्हा अपराजित होता, उंच होता, आणि मेवेदरने त्याला पाच वेळा पाडलं. पुढे हात दुखावत गेले, वजनी गट चढत गेले आणि नॉकआउट कमी झाले.

त्याचं शून्य हललं ते २० एप्रिल २००२ला, होसे लुईस कास्तियोविरुद्ध. पंचांनी ११५-१११, ११५-१११ आणि ११६-१११ असे गुण मेवेदरच्या बाजूने दिले, पण पाहणाऱ्यांपैकी अनेकांच्या मते कास्तियो जिंकला होता. मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा मला कास्तियो थोडक्यात पुढे वाटला. मेवेदरच्या बाजूने सांगायचं तर त्याने आठ महिन्यांत त्याच माणसाशी पुन्हा लढून गुणांवर विजय घेतला, पळाला नाही. त्याच्यावर खरा आक्षेप मॅनी पॅकियावबद्दल आहे. ही लढत २०१०च्या सुमारास व्हायला हवी होती, झाली २ मे २०१५ला. तोवर पॅकियाव ३६चा झाला होता आणि मार्केझकडून नॉकआउट होऊन आला होता. दिरंगाईत दोन्ही बाजूंचा हात होता, पण फायदा कोणाला झाला ते दिसतंच.

लोपेझला मात्र लोक विसरतात, कारण तो लढला १०५ पौंडांच्या गटात, साधारण ४७ किलो. मेक्सिकोच्या या गड्याने १९९०मध्ये टोकियोत जाऊन हिदेयुकी ओहाशीचा किताब काढून घेतला आणि मग वर्षानुवर्षं सोडला नाही. तंत्राने बघितलं तर या सहांत सर्वात नेटका हाच: जॅब, पाय, पोटावरचा हूक, अपरकट, सगळं पुस्तकात काढल्यासारखं. १९९८च्या मार्चमध्ये रोसेंदो अल्वारेझने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं, नंतर डोकी आपटून लोपेझला जखम झाली आणि लढत तांत्रिक बरोबरीत सुटली. नोव्हेंबरात पुन्हा भिडले. अल्वारेझ वजनात बसला नाही, तरी लोपेझ लढला आणि विभागलेल्या निर्णयाने, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर, जिंकला. वजन चुकवून आलेल्या माणसाशी लढायला नकार देता आला असता. कोणी दोषही दिला नसता.

वेल्सच्या कॅलझागेबद्दल माझं मन अजून डळमळतं. १९९७मध्ये शेफील्डला ख्रिस युबँकला हरवून सुपर मिडलवेट गटाचा किताब घेतला आणि मग तब्बल २१ वेळा राखला. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण त्या यादीतली मधली बरीच नावं आज कोणाला आठवत नाहीत. त्याच गटात, त्याच वर्षांत जर्मनीत स्वेन ओटके ३४-० करत होता, फक्त सहा नॉकआउटसह, जवळजवळ सगळ्या लढती घरच्या प्रेक्षकांसमोर. हे दोघे कधी भिडलेच नाहीत. मात्र शेवटच्या तीन वर्षांत कॅलझागेने मूठ उघडली. २००६मध्ये जेफ लेसीला बारा फेऱ्या धू धू धुतलं, २००७मध्ये अपराजित मिकेल केसलरला हरवलं. मग अमेरिकेत जाऊन बर्नार्ड हॉपकिन्स आणि रॉय जोन्स. दोन्ही लढतींत पहिल्याच फेरीत खाली पडला, दोन्ही जिंकला. हॉपकिन्सचा निर्णय विभागलेला होता. पण हॉपकिन्स तेव्हा ४३चा आणि जोन्स ३९चा. या लढती पाच वर्षं आधी झाल्या असत्या तर?

केसलर इथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. कॅलझागेनंतर दोन वर्षांनी, २००९मध्ये, वॉर्डनेही त्याला हरवलं. कॅलझागेने वेगाने आणि ठोशांच्या संख्येने, वॉर्डने मिठी मारून, खांदा लावून, डोकं घुसवून. देखणं नाही, पण केसलरला स्वतःचा खेळ करूच दिला नाही. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णविजेता वॉर्ड पुढे सुपर सिक्स ही याच गटातली स्पर्धाही जिंकला. तिथे ठरलेला प्रतिस्पर्धी टाळायची सोय नव्हती, म्हणून मला ती कॅलझागेच्या २१ बचावांपेक्षा जड वाटते. २०१६मध्ये सर्गेई कोवालेव्हने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं. तिन्ही पंचांनी ११४-११३ असा एका गुणाने वॉर्डला विजय दिला आणि गदारोळ झाला. सात महिन्यांनी पुन्हा तीच जोडी, आणि आठव्या फेरीत वॉर्डने लढत संपवली. शेवटचे काही ठोसे कमरेखाली लागले असा वाद आहे, पण कोवालेव्ह त्याआधीच वाकला होता. मधल्या काळात प्रवर्तकाशी भांडणात वॉर्डची ऐन उमेदीची वर्षं वाया गेली. ३२ हा आकडा त्यामुळेच तोकडा दिसतो.

आता तक्त्यातली क्रॉफर्डची मोकळी जागा. तिथे लिहायला ठोस रात्रच नाही. २०१४मध्ये गॅम्बोआने सुरुवातीच्या फेऱ्या घेतल्या, क्रॉफर्ड डावखुरा पवित्रा घेऊन उभा राहिला आणि चित्र पालटलं. २०१९मध्ये कव्हालियाउस्कसच्या ठोशाने त्याचा तोल गेला, रेफरीने ते पाडणं धरलं नाही. मला ते धरायला हवं होतं असं वाटतं, पण लढत तरी क्रॉफर्डने नवव्या फेरीत संपवलीच. त्याच्यावर आरोप एवढाच की २०१८ ते २०२२ या काळात वेल्टरवेटमध्ये त्याच्यासमोर सर्वोत्तम माणसं आलीच नाहीत. मग २०२३मध्ये अपराजित एरल स्पेन्स आला, तीनदा पडला आणि नवव्या फेरीत थांबवला गेला.

मेवेदर आणि क्रॉफर्ड यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे: कानेलो अल्वारेझ. मेवेदरने त्याला १४ सप्टेंबर २०१३ला हरवलं. कानेलो तेव्हा २३चा होता आणि लढत त्याच्या नेहमीच्या १५४ऐवजी १५२ पौंडांवर ठरली होती. मेवेदरचा खेळ इतका वरचढ होता की एका पंचाने दिलेली ११४-११४ ही बरोबरी हसण्यावारी गेली. क्रॉफर्डने त्याला हरवलं १३ सप्टेंबर २०२५ला, १६८ पौंडांवर, म्हणजे कानेलोच्या गटात. वय ३७, आणि त्याआधीची लढत १५४ पौंडांवर झालेली. गुण ११६-११२, ११५-११३, ११५-११३. कानेलो उताराला लागला होता, हे मान्य. पण वजन कोणी कोणाच्या सोयीचं घेतलं ते बघा. त्या विजयाने क्रॉफर्ड तिसऱ्या गटात चारही पट्ट्यांचा धनी झाला आणि डिसेंबरात निवृत्त झाला.

म्हणून माझा क्रम असा: क्रॉफर्ड, मार्सियानो, मेवेदर, वॉर्ड, लोपेझ, कॅलझागे. तुम्ही हरवलेल्या मोठ्या नावांच्या लांबीवर ठरवणार असाल, तर मेवेदर पहिला येईल आणि मी हुज्जत घालणार नाही. शुद्ध तंत्रावर ठरवणार असाल तर लोपेझ. सर्वात जास्त वेळा मोडायला आलेलं आणि तरी न मोडलेलं शून्य हवं असेल तर मार्सियानो. कॅलझागेला मी शेवटी टाकलं म्हणून वेल्सचे लोक रागावतील, रागावू देत. पण लेसीविरुद्धची त्याची रात्र चुकवू नका.

बघायला सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर तेरा फेऱ्यांचा वेळ काढा आणि वॉलकॉट-मार्सियानो पूर्ण बघा. फक्त शेवटचा ठोसा शोधून बघितलात तर तो कशामुळे बसला हे कळणार नाही. त्याआधीच्या बारा फेऱ्या वॉलकॉट जिंकतोय, आणि दर फेरीत थोडा थोडा मागे सरकतोय.